घाट टेम्पोतून, समुद्र सायकलवरून

प्रश्न : मी निपाणीचा. नुकतीच गियरची सायकल घेतली आहे. नाताळात चार दिवसांत मालवण ते गोवा किनाऱ्याने सायकल चालवायची, बायको, वडील आणि पाचवीतली मुलगी गाडीने मागून येणार, असा बेत आहे. मुलीला कासवाची पिल्लं आणि डॉल्फिन बघायचे आहेत. आंबोली घाटही सायकलने उतरावा का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचा बेत वाचून मला आमचे हे आठवले. एका सुट्टीत चार सुट्ट्या कोंबायच्या आणि परतल्यावर दोन दिवस झोपून काढायचे!

आधी नाताळ रद्द करा. कासवाची मादी आपल्या कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस-पन्नास दिवस, थंडीत त्याहूनही जास्त लागतात. नाताळात मुलीला वाळू दिसेल, पिल्लू दिसेलच असं नाही. शिवाय तेव्हा गर्दी. आपण कर्नाटकातले, याचा इथे फायदा घ्या. आपल्या शाळांना दहा एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते, मुंबई-पुण्याच्या मुलांना मे उजाडावा लागतो. मधल्या दिवसांत वेंगुर्ल्यात खोलीही मिळते आणि जेवायला रांगही नसते. उन्हाळा असतो, पण तुम्ही दहाच्या आत सायकल ठेवणार आहात. ठेवायचीच आहे.

मालवण-गोवा सोडा. चारही दिवस वेंगुर्ल्यात एकाच जागी राहा. गडहिंग्लज-आजरा करून आंबोली गाठा, सायकल मात्र टेम्पोत किंवा गाडीच्या टपावर. घाट उतरायला सोपा वाटतो, तिथेच फसायला होतं. मी पस्तिशीत असताना आंबोलीवरून सतत ब्रेक दाबत उतरले. रिम एवढी तापली की खालच्या एका वळणावर ट्यूब फटकन फुटली. गुडघ्यावरचा वण अजून आहे, शाळेतली मुलं विचारायची, "बाई, कबड्डीत लागलं का ओ?" मी हो म्हणायचे.

आता सायकल. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली करत शिरोडा हा रस्ता तुमच्यासाठी. अंतर फार नाही, पण किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट अशी समजूत असेल तर काढून टाका. खाडी आली की उतार, लगेच चढ. शिरोड्याच्या मिठागरांशी थांबा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो इथला, हे मुलीला दाखवून सांगा. एप्रिलमध्ये वाफ्यांच्या कडेने पांढऱ्या मिठाचे ढीग लागलेले असतात आणि उथळ पाण्यात बगळे एका पायावर उभे. परतीला उत्तरेकडे तोंड करून यायचं असतं, आणि दुपारी समुद्राचा वारा वायव्येकडून नाकावर येतो. म्हणून पहाटे निघा.

वाळूत सायकल चालवायचीच असेल तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवरून. कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. थोडं मागेपुढे होतं. अमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर दोन-तीन दिवसांत गेलात तर ओहोटी सकाळी सहा-सात वाजता मिळते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत सायकल अजिबात नेऊ नका. अंडी तिथेच असतात.

पिल्लांसाठी वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला जा. तिथे अंडी जाळीच्या कुंपणात राखतात. आम्ही दोन संध्याकाळी तिथे नुसते उभे राहिलो. तिसऱ्या सकाळी राखणदाराने टोपली उचलली, तर खालची वाळू बशीसारखी खचलेली. त्यातून आधी एक काळं नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि मग एकावर एक चढत सगळा गोतावळा. पिल्लं तळहातात मावतील एवढी. पाण्यापर्यंत त्यांनी स्वतः चालत जायचं, उचलून द्यायचं नाही. टॉर्च आणि फ्लॅश घरी ठेवा, उजेडाने ती समुद्र सोडून भलतीकडे वळतात. मुलीला आधीच सांगा की एखादा दिवस रिकामा जाईल.

डॉल्फिनसाठी निवतीहून सकाळी होडीने जा, वारा पडलेला असताना. उशीर झाला की लाटा उठतात आणि पाठ कुठली, लाट कुठली कळत नाही. होडीवाल्याला इंजिन मंद ठेवायला सांगा, पाठलाग केला की ते बुडी मारून लांब निघतात. वडिलांना होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागेल, ते आधी विचारून घ्या. नाहीतर त्यांना बंदरावर मासळीचा लिलाव बघायला बसवा, माझे सासरे तिथून उठायला तयार नव्हते.

रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून तेल घाला. खारं पाणी एका रात्रीत चेन तांबडी करतं. लॉजवाल्याकडे बादली मागताना सायकलचं नाव काढू नका, कपडे धुवायला म्हणा, लगेच मिळते.