रोज कामाचा वैताग येतो. समाधान कसं मिळवू, की नोकरीच सोडू?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात नऊ वर्षं प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघतो. पगार वेळेवर होतो, माणसंही वाईट नाहीत. तरी संध्याकाळपर्यंत डोकं उठलेलं असतं, घरी चिडचिड होते, कामात मन लागत नाही. काय करावं?

उत्तर:

तुम्ही दोन गोष्टी एकाच दमात विचारल्या आहेत. वैताग कमी कसा करायचा ही एक आणि समाधान कुठून आणायचं ही दुसरी. या दोन्हींचं औषध एक नाही. बरेच लोक पहिलीवर वर्षभर झटतात आणि दुसरी आपोआप का होत नाही म्हणून पुन्हा वैतागतात.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना त्यांनी विचारलं होतं, कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. वाईट वाटण्याच्या आठवणींत साहेब, कंपनीचे नियम, पगार, कामाची जागा हे आलं. बरं वाटण्याच्या आठवणींत काम तडीस नेणं, कोणीतरी त्याची दखल घेणं, जबाबदारी मिळणं, आणि ते काम स्वतः आवडणं हे आलं. म्हणजे कॅन्टीन सुधारलं, पगार वाढला, तर कुरकुर थांबते, पण त्यानं मन भरत नाही. या अभ्यासावर एक रास्त आक्षेप आहे: यश आलं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि बिघडलं की बोट बाहेर दाखवतो, त्यामुळे उत्तरं थोडी तशीच येणार. तो आक्षेप धरूनही तुमच्यासारख्या 'सगळं ठीक आहे, तरी' या तक्रारीला ही विभागणी चपखल बसते.

आधी वैताग. डोक्यातल्या डोक्यात त्याचा शोध घेऊ नका, कारण तिथे शेवटी एखाद्या माणसाचंच नाव येतं. खिशात मावेल अशी वही घ्या आणि कामाचे १० दिवस त्यात नोंदी करा. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, काय अडलं, किती मिनिटं गेली, आणि राग ० ते ५ मध्ये किती. नोंद दहा-बारा शब्दांपेक्षा मोठी नको. 'सव्वापाच, गाडीचा नंबर आला नाही, ४० मिनिटं, राग ४.' एवढंच.

ही वही तीन ठिकाणी फसते. लोक ती रात्री घरी बसून लिहितात; तोवर घटना विसरलेली असते आणि 'दिवसभर नुसती कटकट' एवढंच उरतं. काही जण फक्त रडगाणं लिहितात. जे सुरळीत झालं, ज्यात अर्धा तास कसा गेला कळलं नाही, तेही लिहा, त्याचं काम पुढे आहे. तिसरं म्हणजे ही नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. का ते सांगायला नको.

दहा दिवसांनी सारख्या नोंदी एकत्र करून मिनिटांची बेरीज करा. तुमच्या कामात साधारण काय निघेल ते मी अंदाजानं सांगतो. सिस्टिममध्ये ५० नग दिसतात, रॅकवर ३८ निघतात. शॉपमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन (बदलाआधीची आवृत्ती) फिरत राहते. क्वालिटीनं माल होल्डवर टाकलेला असतो आणि ते तुम्हाला गाडी लागल्यावर कळतं. सकाळी एक ऑर्डर अर्जंट, दुपारी दुसरी. आणि संध्याकाळी ई-वे बिल, म्हणजे माल गाडीनं पाठवताना जीएसटीखाली करायची ऑनलाइन नोंद. वरवर हे सगळं 'कामाचा ताण' या एका नावाखाली जातं, पण यातलं प्रत्येक वेगळ्या हातानं सुटतं.

ई-वे बिलाचंच घ्या. माल ₹५०,००० च्या वर असला की ते साधारणपणे लागतं. त्यातल्या पार्ट ए मध्ये मालाची माहिती असते, पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. ट्रान्सपोर्टवाला नंबर उशिरा देतो म्हणून सगळंच काम साडेपाचला सुरू करायची सवय अनेक कारखान्यांत असते. पॅकिंग लिस्ट पक्की होऊन बिल तयार झालं की पार्ट ए तीन वाजता भरून ठेवता येतो. गाडी गेटवर आली की फक्त नंबर टाकायचा. यात एक सावधगिरी घ्यावी लागते. पॅकिंग लिस्ट खरोखर पक्की हवी, नाहीतर मागाहून एक खोकं कमी निघतं, बिल बदलतं आणि आधीपेक्षा दुप्पट घोळ होतो. म्हणून खोकी मोजून सही झाल्याशिवाय पार्ट ए ला हात लावायचा नाही.

हे तुमच्या हातातलं झालं. रॅकवरचे १२ नग कमी असणं तुमच्या हातात नाही, तिथे मागणी करावी लागते. तक्रार आणि मागणी यांत फरक एवढाच की मागणीत आकडा, मुदत आणि एकच काम असतं. 'स्टोअरवाले नेहमी असंच करतात' यावर कोणीही साहेब 'बघतो' म्हणेल. त्याऐवजी असं लिहा: 'गेल्या १० दिवसांत ६ वेळा सिस्टिमचा स्टॉक आणि रॅकचा स्टॉक जुळला नाही. त्यात माझे एकूण २१० मिनिटं गेली आणि दोन गाड्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. सर्वांत जास्त फिरणारे २० आयटम दर सोमवारी सकाळी मोजावेत, दोन आठवडे करून बघू.' आकडे अर्थात तुमच्या वहीतले घाला. हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचू नका. स्टोअरच्या माणसाला आधी एकट्याला दाखवा, मग वर जा. चारचौघांत आकडे तोंडावर मारले की तो पुढचे सहा महिने तुमची चिठ्ठी ढिगाच्या तळाशी ठेवील. आणि एका वेळी एकच मागणी करा. पाच मागितल्या तर सर्वांत सोपी आणि बिनकामाची एक मंजूर होते.

अर्जंटचा खेळ मात्र आकड्यांनी सुटत नाही, कारण तो वरून येतो. इथे एक साधी युक्ती चालते: नवं अर्जंट आलं की 'नाही' म्हणू नका, हातातली तीन कामं एका कागदावर लिहून समोर धरा आणि निर्णय त्यांच्याकडून घ्या. साहेब गुजराती असतील तर त्यांच्याच भाषेत: 'साहेब, आ त्रणमांथी आजे पहेलुं कयुं करुं?' (या तिन्हींपैकी आज आधी कोणतं करू?) ते ज्यावर बोट ठेवतील त्याला १ नंबर द्या आणि तिसऱ्याचं काय होईल ते तिथेच बोलून टाका: 'मग भरूचची गाडी उद्या जाईल.' हे वाक्य गाळलं तर उद्याचा उशीर तुमच्या नावावर पडतो. सुरुवातीला दोन-तीनदा 'तिन्ही करो' असंही उत्तर येईल. चौथ्यांदा येणार नाही, कारण दरम्यान एक गाडी राहिलेली असते आणि कागद समोर असतो.

मध्येच काम सोडून उठावं लागलं तर उठण्यापूर्वी चिठ्ठीवर एक ओळ लिहा: परत आल्यावर कुठून सुरू करायचं. 'लाइन ७ पर्यंत तपासलं, ८ चं वजन बघायचं.' दहा सेकंद लागतात. ही ओळ नसली की परत आल्यावर पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि खरा वैताग उठावं लागण्यापेक्षा त्या पुन्हा वाचण्याचा असतो. निघायच्या आधीची दहा मिनिटंही अशीच वापरा: अर्धवट राहिलेली कामं आणि प्रत्येकाची पुढची पायरी लिहून वही मिटा. 'पाठपुरावा करणे' ही पायरी नव्हे. 'साडेनऊला क्वालिटीत फोन, होल्डचं कारण विचारणे' ही पायरी. घरी डोक्यात घोळत राहतं ते बहुतेक याच अर्धवटांपैकी असतं.

रागाच्या भरात ग्रुपवर टाइप करू नका, आणि पोटात काही नसताना वाद घालू नका. याहून जास्त मला त्यावर सांगायचं नाही. श्वास मोजण्यानं डोकं थंड होतं, रॅकवरचे नग वाढत नाहीत.

आता समाधान. तुमच्या बाबतीत मला मुख्य अडचण इथेच दिसते. डिस्पॅचच्या माणसाच्या हातून दिवसाला पाच गाड्या जातात, पण वस्तू पुढे काय करते हे तो कधी बघत नाही. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं असणं आणि ते कसं झालं हे थेट कळणं, या दोन गोष्टी नसल्या की कौशल्य असूनही काम पोकळ लागतं. १९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी कामाची रचना तपासायला पाच कसोट्या मांडल्या: वेगवेगळी कौशल्यं लागणं, पूर्ण काम हातात असणं, त्याचा कुणाला तरी उपयोग असणं, निर्णयाची मोकळीक, आणि परिणाम कळणं. तुमच्या कामाला यात ५ पैकी किती मिळतात ते स्वतःच बघा. उपयोग भरपूर आहे. दुसरी आणि पाचवी लंगडी असणार.

याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, तरी १९५३ मध्येही अपेक्षेइतकं उत्पादन निघेना. प्रत्येक कामगाराला एकेक तुकडा वाटून दिला होता. कुणी फक्त तुटलेला धागा बघे, कुणी फक्त तेल घाली, आणि कापड कुणाचंच नव्हतं. कामाच्या जागचे मानवी संबंध अभ्यासणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांच्यासोबत चर्चा झाल्यावर कामगारांनीच छोटे गट केले आणि ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एकेका गटानं घेतली. त्यानंतर उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. माग तेच होते.

तुम्हाला मिल बदलायची नाही. एवढंच करा: एक ग्राहक किंवा एक प्रॉडक्ट लाइन ऑर्डर येण्यापासून माल पोचल्याच्या निरोपापर्यंत पूर्ण माझ्याकडे द्या, असं मागा. काम वाढणार नाही, त्याची वाटणी बदलेल. वाटणी बदलायला साहेब फारसे आढेवेढे घेत नाहीत, कारण त्यांना विचारायला एकच माणूस मिळतो. कुठला ग्राहक मागायचा ते वहीत आहे. वेळ कसा गेला कळलं नाही अशा नोंदी ज्या कामाभोवती जमल्या असतील, तो. माल बसवल्यावर साइटवरून एक फोटो पाठवा, असं ग्राहकाच्या माणसाला सांगून ठेवा. पोरकट वाटेल, पण भिंतीवरचा तो एक फोटो वर्षाअखेरच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त काम करतो.

आणि स्वतःचा एक आकडा ठेवा. कबूल केलेल्या तारखेला निघालेल्या गाड्या भागिले एकूण गाड्या, दर शनिवारी, आलेख कागदावर एक ठिपका. चूक होते ती आकडा निवडण्यात: विक्री किंवा कंपनीचा नफा घेतलात तर तो तुमच्या हातात नाही, पुन्हा हताशपणाच येईल. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात तो साहेबांना दाखवणं. मग त्याचं टार्गेट होतं. निदान तीन महिने तो तुमचाच राहू द्या.

काही गोष्टींवर वही चालत नाही. जिथे अपमान होतो, सुरक्षेची साधनं न देता काम करवून घेतात, पगार अडवतात, तिथे समाधान शोधणं ही स्वतःचीच फसवणूक. १९१७ मध्ये याच बडोद्यात संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. ते काही दिवसांतच नोकरी सोडून मुंबईला परतले, आणि गाडीची वेळ होईपर्यंत कमाटीबागेत बसून होते. त्यांनी कामाकडे बघण्याची दृष्टी बदलायला हवी होती असं कोण म्हणेल?

दुसरी मर्यादा शरीराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, 'बर्नआउट' हा आजार म्हणून न नोंदवता कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे. त्याची तीन लक्षणं: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपणा किंवा तुच्छता, आणि हातून काही धड होत नाही ही भावना. तिन्ही दिसत असतील, किंवा दोन आठवडे झोप, भूक, कशातच रस नाही असं चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो.

राहिला सोडण्याचा प्रश्न. वरचं सगळं १२ आठवडे करा. मग वहीतली पहिली तीन कारणं समोर ठेवून नव्या जागेच्या मुलाखतीत त्यांविषयीच विचारा: स्टॉक कधी मोजतात, अर्जंट कोण ठरवतो, रिव्हिजन शॉपमध्ये कोण बदलतो. तीनपैकी दोन तिथेही असतील तर तुम्ही फक्त गेट बदलताय. जायचंच ठरलं तर नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड वाचा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. नऊ वर्षं झाल्यानं ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे: शेवटचा पगार (मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. हा पगार ₹२६,००० असेल तर नऊ वर्षांचे ₹१,३५,००० होतात. तिचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि पीएफ काढून खर्चू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वळवून घ्या.