पुनर्विकासानंतर आईंचा मालमत्ता कर शून्यावरून पंधरा हजारांवर: भरायचा, भांडायचं की फ्लॅट विकायचा?

ताई, तुमचा प्रश्न आणि खालची सगळी उत्तरं वाचली. नंतर येणाऱ्यांसाठी आधी प्रश्न दोन ओळींत मांडतो. मुलुंडची तुमची जुनी इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नव्हती, आईंचा फ्लॅट ४३० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि कर शून्य. पुनर्विकासात ६१० फूट मिळाले, तेही चौदाव्या मजल्यावर. आता सोसायटीने सहामाहीचे ७,४०० रुपये मागितलेत आणि महिन्याचा मेंटेनन्स १,९०० वरून ७,२०० वर गेलाय. आई ७१ वर्षांच्या, हातात कुटुंब निवृत्तिवेतनाचे २१,०००. सेक्रेटरी म्हणतात कर सगळ्यांनी समान वाटून घ्यायचा. भाऊ म्हणतो विकून डोंबिवली गाठू. आणि इथल्या एका सदस्याने सांगितलंय, भरूच नका, ओरडा झाला की पालिका बिलं मागे घेते.

हा शेवटचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात महाग पडेल. तो आलाय डिसेंबर २०२३ मधून. तेव्हा १५ ते २० टक्के वाढलेली बिलं पालिकेच्या संकेतस्थळावर चढली, आरडाओरडा झाला आणि ती मागे घेण्यात आली. पण मागे गेली ती वाढ. कर कुठेच गेला नाही, जुन्या दराची बिलं नंतर आलीच. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज तुम्हाला कुठलीही बँक देणार नाही. शिवाय बिल सोसायटीच्या नावावर असेल तर नोटीस येते सोसायटीला, आणि मग जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आईंकडे बघतो. आक्षेप असेल तर लेखी हरकत नोंदवून, हक्क राखून भरा. भरल्याने भांडण्याचा हक्क जात नाही. उलट लघुवाद न्यायालयात अपिलाला गेलात तर तिथेही आधी कर भरला का हेच विचारतात.

आता मूळ प्रश्न. १८० फूट वाढले, तर कर एवढा कसा?

मुंबईत २०१० पर्यंत कर वार्षिक भाड्याच्या हिशेबाने, म्हणजे करपात्र मूल्यावर लागायचा. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठलेली, त्यामुळे गिरगाव-दादरच्या मोक्याच्या जागेवरच्या जुन्या इमारतीला चिल्लर कर आणि बोरिवली-दहिसरला कर्ज काढून घर घेतलेल्या कारकुनाला तिच्यापेक्षा जास्त, असा उलटा न्याय वर्षानुवर्षं चालला. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य आलं. रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला जागेचा) दर, क्षेत्रफळ, वापर, इमारतीचा प्रकार, तिचं वय आणि मजला, यांचा गुणाकार करून मूल्य काढायचं आणि त्यावर कर. उपनगरात राहणारा म्हणून सांगतो, मला ही पद्धत जुनीपेक्षा बरी वाटते. निदान सगळ्यांना एकच गणित.

पण या गणितात पुनर्विकासाचं घर चारही बाजूंनी सापडतं. क्षेत्रफळ वाढतं हे सगळ्यांना दिसतं. बाकीचं कोणी सांगत नाही. जुन्या इमारतीला वयाची जी सूट मिळायची ती नवी इमारत उभी राहताच गेली. बिनलिफ्टची साधी इमारत होती, आता लिफ्टची बहुमजली. आणि वरच्या मजल्यांना मजल्याचा वेगळा भार. चौदावा मजला निवडताना हवा-उजेड बघितला असणार, बघावाच, पण पालिकाही तो मजला बघते. एरवी दर पाच वर्षांच्या फेरमूल्यांकनात कर आधीच्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वाढू नये अशी मर्यादा आहे. तुमच्याकडे फेरमूल्यांकन झालेलंच नाही, नव्या इमारतीचं पहिलं करनिर्धारण झालंय. त्यामुळे ती मर्यादा इथे कामाची नाही.

आणि यावर तो ५०० फुटांचा कडा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा कर माफ केला, १६ लाखांवर कुटुंबांना त्याचा फायदा झाला. (२०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता. जलकर, मलनिःसारण, शिक्षण उपकर वगैरे चालूच होते, आणि ‘माफ झाला तर बिल कसलं’ म्हणून तेव्हा वॉर्डात रांगा लागायच्या.) निर्णय चांगलाच. पण माफी पहिल्या ५०० फुटांना नाही, ५०० फुटांपर्यंतच्या घराला आहे. प्राप्तिकरात जसा मर्यादेच्या वरच्या भागावरच कर, तसं इथे नाही. ४९९ फुटांना शून्य आणि ५०१ फुटांना पूर्ण ५०१ फुटांचा कर. आईंना वाढलेल्या १८० फुटांचा भरायचा नाहीये, सगळ्या ६१० चा भरायचाय. माझ्या मते हीच या माफीतली सगळ्यात मोठी खोट आहे. पहिले ५०० फूट सगळ्यांनाच माफ करून वरच्या फुटांवर कर लावला असता, तर आज पुनर्विकासातून बाहेर पडणाऱ्या शेकडो निवृत्त घरांचा श्वास असा एकदम कोंडला नसता. पालिकेचं उत्पन्न घटलं असतं हे खरं. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, आता स्वतः गोळा करायचा मोठा कर हाच उरलाय. तरीही.

म्हणजे कर लागण्यात चूक नाही. रकमेत मात्र असू शकते, आणि तुमच्या बाबतीत आहे असं मला वाटतं. कारण सेक्रेटरींचं ते ‘समान वाटून’.

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हे अगदी स्पष्ट आहे. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, लिफ्टची वीज, झाडलोट, सगळ्या सदनिकांना समान. मालमत्ता कर मात्र स्थानिक प्राधिकरणाने ज्या फ्लॅटला जसा ठरवला तसा. दोन्ही एकाच बिलात येतात म्हणून दोन्ही समान होत नाहीत. तुम्ही लिहिलंय की बिल्डरने विकलेले फ्लॅट हजार-अकराशे फुटांचे आहेत आणि शेजारच्या ४९० फुटांच्या फ्लॅटलाही ७,४०० च लावलेत. मग त्या शेजाऱ्यांचा माफ झालेला कर त्यांच्याकडून वसूल होतोय, आणि आई थोड्या प्रमाणात अकराशे फूटवाल्यांचा भरतायत. ४९० वाल्यांना बरोबर घ्या. सभेत एकट्या वृद्ध बाईचं म्हणणं ‘बघू’ म्हणून टाळलं जातं, सात-आठ सह्यांचं पत्र तसं टाळता येत नाही. सेक्रेटरी मुद्दाम करत असतील असं नाही. बहुतेकांना बिलाचा पहिला कागद माहीत असतो, मागची फ्लॅटवार यादी फाइलमध्ये तशीच पडून असते.

तीच यादी मागा. भांडवली मूल्य ठरवताना पालिका विशेष नोटीस काढते, त्यात प्रत्येक सदनिकेचं क्षेत्रफळ, वापर, मजला असतो. सोसायटीकडे नसेल तर पालिकेच्या टी (मुलुंड) विभाग कार्यालयातल्या करनिर्धारण व संकलन खात्यात लेखी अर्ज करा. अर्जावर मालमत्तेचा लेखा क्रमांक घाला, नाहीतर परत पाठवतील. यादीत आईंच्या ओळीतला आकडा कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारनाम्याशी, म्हणजे जुन्या घराच्या बदल्यात नवं देण्याच्या बिल्डरबरोबरच्या कराराशी, ताडून बघा. इथे बरेच जण गोंधळतात: यादीतला आकडा कार्पेटचा आहे की बांधकाम क्षेत्रफळाचा, हे आधी बघा. बांधकाम क्षेत्रफळ (भिंती धरून) साधारण कार्पेटच्या १.२ पट धरतात. म्हणजे ६१० फूट कार्पेट असेल तर बांधकाम क्षेत्रफळ ७३२ फूट, साधारण ६८ चौरस मीटर, दिसू शकतं. त्याहून जास्त दिसलं तर हरकत घ्या. उलटही घडतं. बिल्डर लोकांचे ‘६१०’ कधीकधी छज्जे, बाल्कन्या, फुलझाडांच्या जागा धरून असतात. आधी करारातला आकडा बघा. तो ५०० च्या आसपास निघाला तर खेळच बदलतो. शक्यता कमी आहे, पण फूटपट्टी फुकट आहे.

दुसरी एक जागा तपासा. सोसायटीने मागितलेल्या रकमेत जुनी बाकी मिसळली आहे का? घरं रिकामी केल्यापासून भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा मिळेपर्यंतचा कर बहुतेक विकास करारनाम्यांत बिल्डरच्या गळ्यात असतो. तो त्याने भरला नसेल तर बाकी मालमत्तेवर दिसते आणि हळूच सभासदांच्या बिलात शिरते. कमिटी बिल्डरला पत्र लिहायला का-कू करेल, कारण पार्किंगची कामं अजून त्याच्याकडे अडकलेली असतात. तरी पत्र जाऊ द्या. त्या काळातली बाकी आईंनी भरू नये, चालू सहामाहीचा त्यांच्या फ्लॅटचा हिस्सा तेवढा वेळेत भरावा.

सेक्रेटरींनी ऐकलंच नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. महिने जातात. आधी सभा.

सवलतीचं विचारलंत. ज्येष्ठ नागरिक किंवा विधवा म्हणून मुंबईत मालमत्ता करात सूट नाही. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांसाठी राज्याची योजना आहे, वडील सैन्यात असते तर तुम्ही लिहिलंच असतं. काहींनी सुचवलंय की एक खोली क्लासला किंवा दवाखान्याला द्यावी. देऊ नका. वापर अनिवासी ठरला की कराचा दर वेगळाच लागतो, आणि ४९० वाल्यांनी हे केलं तर त्यांची माफीसुद्धा धोक्यात.

आता पैशांचं. खरं सांगू का, आईंना दमवणारा कर नाहीये. कर वर्षाला १४,८००, म्हणजे महिन्याला साडेबाराशेच्या आत. मेंटेनन्स वाढला ५,३००. कराचं बिल सहा महिन्यांनी एकदम येतं म्हणून ते छातीवर बसतं, मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला गुपचूप खातो. ७,२०० चा पूर्ण मेंटेनन्स आणि कर मिळून त्यांच्या निवृत्तिवेतनातले महिन्याला साधारण ८,४०० जातात, एकवीस हजारांतले. उरलेल्यात औषधं, गॅस, भाजी, बाई. हा ताण खरा आहे, आणि घराची किंमत कोटीच्या पुढे गेली म्हणून तो कमी होत नाही. किमतीवर पोळी शेकता येत नाही.

पण तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य आहे, कॉर्पसचे (पुनर्विकासात बिल्डरने सभासदाला दिलेल्या रकमेचे) सहा लाख आईंच्या बचत खात्यात पडून आहेत आणि भावाला त्यातून फर्निचर करायचंय. तिथे मी थांबलो. कॉर्पस बक्षीस म्हणून मिळत नाही. नव्या इमारतीचा वाढलेला खर्च जुन्या सभासदाला झेपावा म्हणूनच बिल्डरकडून तो घेतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे. सहा लाखांवर वर्षाला ४९,२००, तिमाहीला १२,३०० खात्यात येतात. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं, मुदत पाच वर्षं. यातून पूर्ण कर भागतो आणि वाढलेल्या मेंटेनन्सचा निम्म्याहून जास्त भाग. भाऊ रागावेल. रागावू द्या. कपाटं पुढच्या दिवाळीला होतील.

डोंबिवलीबद्दल: कराच्या रागात विकू नका. आई मुलुंडमध्येच राहिल्यात, त्यांचा डॉक्टर, बाजार, भजनी मंडळ सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ७१ व्या वर्षी नव्या गावात रिक्षावाल्यापासून सुरुवात करणं सोपं नसतं. विकायचंच असेल तर कारण मेंटेनन्स असू शकतं, आणि मग मुलुंडमध्येच ५०० च्या आतला फ्लॅट बघा. कर शून्य, खर्च कमी, वर काही रक्कम हातात. हा निर्णय आईंचा, भावाचा नाही.

ज्यांच्या इमारतींची पुनर्विकासाची बोलणी अजून चालू आहेत त्यांच्यासाठी एवढंच: सभेत सगळे ‘किती टक्के जास्त एरिया’ यावरच आवाज चढवतात. ज्यांचं घर ५०० च्या आसपास आहे आणि उत्पन्न ठरीव आहे, त्यांनी ५६० फूट मागण्यापेक्षा ४९५ फूट आणि उरलेल्याच्या बदल्यात जास्त कॉर्पस मागून बघावं. बिल्डरला ते जमतं, त्याला तेवढी जागा विकायला मिळते. आणखी एक. एप्रिल २०२५ मध्ये पालिकेने कचऱ्यासाठी वापरकर्ता शुल्काचा मसुदा काढला होता, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये आणि त्यावर थेट ५००. विरोध झाला, प्रस्ताव बाजूला पडला. पण क्षेत्रफळाची रेघ मारून तिच्यापलीकडच्यांवर सगळा भार टाकायची सवय बघून ठेवा, उद्या दुसऱ्या नावाने येईल.

ताई, फ्लॅटवार यादी हाती आली की आईंच्या ओळीतलं क्षेत्रफळ, मजला आणि वापराचा रकाना इथे टाका, शक्यतो बिलाची मागची बाजूही. नाव आणि लेखा क्रमांक झाकून. सभेची नोटीस निघायच्या आधी टाकलंत तर पत्राचा मसुदाही करून देतो.