आकाश किनाऱ्यावरच ठरवावे

सप्रेम आशीर्वाद,

हर्णैच्या किनाऱ्याच्या तुझ्या ॲक्वाटिंट चित्राचे तीनही प्रूफ, म्हणजे चाचणीचे ठसे, टपालाने सुखरूप पोचले. सुवर्णदुर्गाच्या तटबंदीचा आकार तुला चांगला साधला आहे. परंतु तिन्ही ठशांत आकाश आणि पाणी यांची छटा जवळजवळ एकच उतरल्यामुळे किल्ला समुद्रात उभा न राहता करड्या पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. ॲसिड फार कडक झाले असावे, असे तू लिहितोस. मला तसे वाटत नाही. चूक ॲसिडच्या तबकात झालेली नसून त्याच्या कितीतरी आधी, किनाऱ्यावर बसून रेखाटन करताना झाली आहे, कारण कोणता भाग किती गडद ठेवायचा हे तू तिथे ठरवलेच नाहीस.

ॲक्वाटिंट हे छटांचे माध्यम आहे. तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसवून ती खालून तापवली की कण प्लेटला चिकटतात. ॲसिड त्या कणांच्या मधल्या फटींत उतरून तेवढेच तांबे खाते आणि त्या सूक्ष्म खाचांत जितकी शाई धरली जाईल तितकी छटा कागदावर गडद उमटते. जे पांढरे हवे ते आधीच वार्निशने झाकायचे, काही सेकंदांनी प्लेट बाहेर काढून फिकट भाग झाकायचा, मग पुन्हा आत सोडायची, आणि असे करत शेवटी उघडा उरतो तो सर्वांत काळा भाग. हा प्रवास उजेडाकडून अंधाराकडे, एकाच दिशेने होतो. बर्निशरने, म्हणजे गुळगुळीत धातूच्या हत्याराने, घासून छटा थोडी उतरवता येते हे खरे, पण संपूर्ण आकाश घासून उजळण्याचा उद्योग मी तरुणपणी एकदा केला आहे, आणि आठवडाभर मनगट दुखण्यापलीकडे त्यातून काही निघाले नाही.

विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकाराच्या किनारचित्रांकडे मी तुला पुनःपुन्हा पाठवतो ते याचसाठी. त्याने १८१३ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील लँड्स एंडपासून ब्रिटनच्या किनाऱ्याची भ्रमंती सुरू केली आणि १८१४ ते १८२५ या काळात त्या प्रवासाची ३०८ ॲक्वाटिंट चित्रे आठ खंडांत प्रसिद्ध झाली. रेखाटन त्याचे आणि प्लेटही त्याचीच. त्यामुळे समोरचे दृश्य पाहतानाच ते तांब्यावर किती पायऱ्यांत मांडता येईल, याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत चालत असणार. ठशांवर नंतर हाताने रंग भरले जात, तरी त्या रंगांना धरून ठेवते ती खालची छटांची बैठकच. एडिस्टन दीपगृहाचे वादळातले चित्र पाहा: उसळलेला फेस उजळ वाटतो तो मागचे आकाश गडद ठेवले आहे म्हणून. तुझ्या चित्रात याच्या उलट, म्हणजे फिकट आकाशावर गडद किल्ला, असे असायला काहीच हरकत नव्हती. पण दोहोंपैकी एक निवडायला हवे होते.

हा माणूस हे सारे शिकला कुठे, तर आपल्या देशात. काका थॉमस यांच्याबरोबर तो १७८५ साली कोवळ्या वयात इंग्लंडहून निघाला, आणि १७८६ ते १७८८ या काळात दोघांनी कलकत्त्याची बारा दृश्ये तिथेच कोरून छापली. चित्रकारापासून तांबटापर्यंतची सगळी कामे आपल्यालाच करावी लागली, अशी तक्रार काकांनी पत्रातून केली होती. पुढे १७९३ साली ते दोघे मुंबईलाही आले. सोयी नसल्याचे दुःख तू मला लिहितोस, तेव्हा मला हे काका आठवतात.

आता कामाचे. पुढच्या खेपेस हर्णैला जाशील तेव्हा रंग घेऊन जाऊ नकोस. पेन्सिलीने केवळ पाच छटांत दृश्य बसव आणि प्रत्येक भागावर एक ते पाच असा आकडा लिही. पहिला आकडा कोऱ्या कागदाचा, आणि तो कंजूषपणे वापर. ठसा उलटा उमटतो हेही विसरू नकोस. तुझ्या प्रूफांत कनकदुर्गावरचे दीपगृह आणि सुवर्णदुर्ग यांनी जागा बदलल्या आहेत, आणि हर्णैच्या कोळ्याला ते पाहून हसू आल्याशिवाय राहणार नाही. रेखाटन प्लेटवर उतरवतानाच ते उलटे करावे.

राळ तापवताना घाई करू नये. कण पांढरे दिसेनासे होऊन पारदर्शक झाले की प्लेट लगेच बाजूला घ्यावी. त्यापुढे उष्णता दिली तर कण वितळून एकमेकांत मिसळतात, फटी बुजतात आणि ॲसिडला आत शिरायला वाट उरत नाही. नायट्रिक ॲसिडपेक्षा फेरिक क्लोराइड वापरणे बरे, कारण नायट्रिकमधून तांब्याबरोबर विषारी तपकिरी वायू निघतो. फेरिकमध्ये मात्र गाळ खाचांत बसतो, म्हणून प्लेट पालथी किंवा उभी ठेवावी. राळेची पूड उडवताना तोंडावर चांगला मास्क हवा आणि जवळपास ज्योत नको, कारण हवेत उडालेली ती पूड पेट घेते.

वेळेचे कोष्टक मी मुद्दामच देत नाही. ॲसिड गरम असले की जलद खाते, तेव्हा मे महिन्यातले सेकंद जानेवारीत उपयोगी पडत नाहीत. तांब्याची एक अरुंद पट्टी घे, तिच्यावर ॲसिडने पाच टप्पे खाववून छाप, आणि प्रत्येक टप्प्याखाली सेकंद, तारीख व त्या दिवशीचे तापमान लिहून ती पट्टी मला पाठव. नवे प्रूफ त्यानंतर पाहू.

तुझा शुभचिंतक