आबाजींचे वेब्ली आणि कागदावरून गळालेला एक अंक

तुमचा प्रश्न वाचला आणि तेरा वर्षांपूर्वी मी ज्या उंबरठ्यावर उभा होतो, तिथेच आज तुम्ही उभे आहात असे वाटले. दारव्ह्याकडच्या एका वाड्यातले जुने वेब्ली मार्क सहा हे इंग्रजी बनावटीचे रिव्हॉल्व्हर विकत घ्यावे का, घेतल्यास चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चालवता येईल का, आणि वाड्याचे लोक इसार मागत आहेत तो द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या परवान्यावर .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि शेतासाठी बारा बोअरची दुनाळी आधीच आहे, असेही लिहिले आहे. माझे उत्तर असे, की इसार देऊ नका, निदान आज तरी नाही.

मी वकील नाही, नियम बदलत राहतात, आणि जे लिहितो आहे ते स्वतःच्या अनुभवावरून व वाचनावरून लिहितो आहे. तेव्हा परवाना शाखेकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय माझ्या भरवशावर एकही पाऊल टाकू नये. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्या दोनांतच मोजले जाते. मान्यताप्राप्त नेमबाजांच्या सवलती वेगळ्या आहेत, पण तुम्ही त्यांत बसत नाही असे दिसते. म्हणजे वेब्ली हवे असेल तर .३२ किंवा दुनाळी आधी सोडावी लागेल. शिवाय विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाणेदारांना कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचे असते. ‘आज पैसे द्या, कागद मागून करू’ असे कोणी म्हणत असेल तर तिथून उठून यावे. शस्त्र शंभर वर्षांचे आहे म्हणून ते पुराणवस्तू ठरते आणि परवाना लागत नाही, असे सांगणारेही भेटतील. ती सूट दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्राला आहे. वाड्यातले वेब्ली तुमच्याच सांगण्याप्रमाणे व्यवस्थित चालते.

आता ज्या चुकीची मला सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली, ती सांगतो.

आमचे आबाजी वारले तेव्हा त्यांच्या परवान्यावर तुम्ही पाहता आहात तसेच .४५५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) वेब्ली होते. हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित गटात मोडतो, त्यामुळे वारसाच्या नावे परवान्याचा निर्णय जिल्ह्यात होत नाही. तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मी वारस म्हणून अर्ज केला, मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि जुने परवाना पुस्तक जोडले, आणि संबंधित कार्यालयातील लिपिकाने त्यावरून नवी नोंद तयार केली. ते कार्यालय कोणते, हे मी लिहीत नाही. त्या नोंदीत बोअरच्या रकान्यात ‘.४५’ असे उतरले. शेवटचा पाच गळाला. बाहेर माझ्यासारखीच खेड्यांतून आलेली पंधरा-वीस माणसे ताटकळत होती, संध्याकाळची शेवटची एसटी चुकेल ही भीती होती, आणि मी न वाचता तीन प्रतींवर सही केली.

त्या एका अंकामुळे माझे प्रकरण दिल्लीला गेलेच नाही. ते जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरले आणि परवानाही हातात आला. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवायला नेले, तेव्हा तिथल्या हवालदाराने नळीच्या पोलादावरचा आकडा वाचला, पुस्तकातला आकडा वाचला, आणि दोन्ही माझ्यासमोर धरले. त्या क्षणापासून मी प्रतिबंधित बोअरचे शस्त्र चुकीच्या परवान्यावर बाळगणारा माणूस झालो. गुन्हा नोंदला गेला नाही, कारण आबाजींचे जुने पुस्तक मी जपून ठेवले होते आणि ठाणेदार साहेबांनी ते शांतपणे वाचले. शस्त्र मात्र जमा करावे लागले. पुढे चार वर्षे सात महिने मी त्या कार्यालयाला एवढेच विचारत राहिलो, की नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करून मूळ अर्ज वर पाठवणार कधी. प्रत्येक वेळी मला ‘फाइल साहेबांकडे आहे’ हेच उत्तर मिळाले. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केल्यावर फाइल त्याच खोलीतल्या दुसऱ्या कपाटात सापडली. हे आठवले की आजही मन कडू होते, कारण त्या लिपिकाला पाच मिनिटांत सुधारता आली असती अशी ती चूक होती, आणि मलाही सहीपूर्वी एका मिनिटात दिसली असती.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. विक्रेत्याचे मासिक भाडे वाचवण्यासाठी मी ठाणे निवडले, आणि ते आबाजींच्या चामडी म्यानासकट दिले. कमावलेल्या चामड्यातले क्षार ओल धरतात, आणि मुद्देमालाच्या खोलीचे पत्रे पावसाळ्यात गळत होते. परत मिळाले तेव्हा म्यानाच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाने जशीच्या तशी उमटली होती, टाक्यांच्या ठिपक्यांसह. घरात ठेवतानाही शस्त्र म्यानात ठेवू नये, आणि जवसाचे तेल तर कधीच लावू नये. आमच्या काकांनी घरच्या घाण्यावरचे जवसाचे तेल लावले होते. ते वाळून मागच्या खिट्टीवर तपकिरी कवच झाले आणि ती खिट्टी उघडायला मला दोन दिवस लागले.

शस्त्र प्रत्यक्ष पाहायला गेलात तर आधी ते रिकामे असल्याची खात्री करा, मग चौकटीवरचा क्रमांक आणि नळीवरचा बोअर स्वतः वाचा, विजेरी लावून वाचा, आणि परवाना पुस्तकाशी एकेक अंक ताडून पाहा. नंतर चक्राची, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाची, मागची बाजू बघा. परदेशांत कित्येक वेब्लींचे चक्र मागून घासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस बसेल असे केलेले आहे. ते काडतूस बसते, पण त्याचा दाब .४५५ पेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि हे जुने पोलाद त्यासाठी घडवलेले नाही. घासलेले चक्र दिसले तर माझ्या मते व्यवहार तिथेच सोडावा. इतर जाणकारांचे मत वेगळे असू शकते.

चालवण्याबद्दल एवढेच सांगतो, की परवाना योग्य असला तरी चांदमारीच्या मैदानाबाहेर, धुऱ्यावर किंवा वावरात एकही गोळी झाडू नये. रानडुकरांचा कितीही त्रास असला तरी हे शस्त्र त्यासाठी नाही. सुमारे अकराशे ग्रॅमचे हे वजन हातात स्थिर राहते आणि धक्का चापट मारल्यासारखा बसत नाही, तळहात हळूच मागे रेटल्यासारखा बसतो. वेब्ली मोडून उघडले की सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात आणि खाली पडतात. मला परवाना मिळाल्यावर ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा आबाजींचा हात आठवला. मात्र काडतुसे हीच खरी अडचण आहे. .४५५ जगात फार थोडे कारखाने बनवतात, आणि वेब्लीसोबत जुन्या खडकी छापाच्या काडतुसांचा डबा मिळाला तर तो वापरू नये. चाप ओढल्यावर आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबून नळीत गोळी अडकली आहे का ते पाहावे. घरी काडतूस भरण्याचा विचार मनात आणू नये, परवान्याशिवाय तसे करणे गुन्हा आहे.

वाड्याच्या लोकांकडून आधी त्यांच्या परवाना पुस्तकाच्या बोअर लिहिलेल्या पानाची प्रत मागून घ्या. चक्राच्या मागच्या बाजूचे स्वच्छ उजेडातले छायाचित्रही घ्या आणि दोन्ही इथे टाका; क्रमांक आणि नाव झाकून टाका. चक्र घासलेले आहे की मूळचे, एवढे तरी मी पाहून सांगू शकेन.