लाल दिवा आणि परस्पर बंद झालेली तक्रार

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची २४ बिऱ्हाडांची सोसायटी आहे. मी घरून दहावीच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. जुलैच्या पावसात आमचं इंटरनेट सलग ११ दिवस बंद होतं. वर्षाचे ८,४९६ रुपये आगाऊ भरलेले. केबलवाला म्हणतो, "ताई, वरूनच प्रॉब्लेम आहे." कंपनी म्हणते, "राउटर बंद करून चालू करा." चार वेळा तक्रार नोंदवली आणि चारही वेळा नेट न येताच 'तुमची तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला. दुसऱ्या कंपनीची वायर कमिटी आत येऊ देत नाही. पैसे गेले असं समजू का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : अजिबात समजू नका. तुमच्या पत्रातल्या ११ दिवसांपेक्षा मला ते चार मेसेज मनाला जास्त लागले. मी टेलिफोनच्या फॉल्टच्या टेबलावर अनेक वर्षं काम केलं. १९८ या बिघाडाच्या नंबरवर आलेली तक्रार वहीत उतरवायची, आणि लाइनमन परत आला की ग्राहकाला फोन करून "डायलटोन आला का?" विचारायचं. तो "आला" म्हणाला तरच त्या ओळीवर रेघ मारायची, असं आमच्या टेबलावर ठरलेलं होतं. ग्राहकाला न विचारता तक्रार बंद करणं मला आजही सहन होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गिरगावच्या घरीही हेच घडलं. चार दिवस नेट नव्हतं आणि रोज राउटर बंद-चालू करायला सांगत होते. मी डब्याकडे बघितलं तर 'एलओएस' नावाचा दिवा लाल. त्या दिव्याचा अर्थ सरळ आहे : फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी राउटर कितीदाही चालू-बंद केला तरी उपयोग नाही. बिघाड बहुधा वायरीत असतो, आणि मुंबईत ती वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबकळत जाते, पावसात ओढली जाते, उंदीर कुरतडतात. मी लाल दिव्याचा फोटो काढला, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. तो फोटो ईमेलने गेल्यावर "तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम असेल" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. तुमच्याकडे असा फोटो असेल तर जपा. नसेल तर पुढच्या वेळी पहिल्या तासातच काढा.

आता पैशांचं. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत हिशेब स्पष्ट होता. बिघाड कामकाजाच्या तीन दिवसांहून जास्त रेंगाळला तर सात दिवसांचं भाडं माफ, सातहून जास्त झाले तर पंधरा दिवसांचं, पंधराच्या पुढे पूर्ण महिन्याचं. ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले, पण तीन दिवसांच्या पुढे भरपाई हे तत्त्व त्यातही आहे. तुमचे ८,४९६ म्हणजे महिन्याला ६०० अधिक १८ टक्के जीएसटी. मधले रविवार सोडले तरी सातहून जास्त दिवस होतात, म्हणजे पंधरा दिवसांचे ३०० आणि त्यावरचा कर, जुन्या हिशेबाने एकूण ३५४ रुपये. रक्कम लहान आहे, पण ती तुमची आहे. पत्रात आकड्यानिशी मागा.

पण मागायची कोणाकडे? केबलवाला ओळखीचा असतो, गणपतीची वर्गणी देतो, त्याच्याशी वाद नको वाटतो. तो बहुतेकदा शेवटच्या वायरीपुरता असतो. पावती ज्या कंपनीच्या नावाची, जबाबदारी तिची. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार केंद्राची, जिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो. दुसरी कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाची. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बहुतेक माणसं पहिल्याच पायरीवर दमून घरी जातात. तुम्ही चारही डॉकेट नंबर, त्यांच्या तारखा आणि 'सोडवली आहे' या मेसेजचे स्क्रीनशॉट लावून अपील करा. प्रत्येक मेसेजपुढे एकच ओळ लिहा : या दिवशी नेट सुरू नव्हतं. ट्रायला थेट पत्र लिहू नका, एकेका ग्राहकाची तक्रार ते सोडवत नाहीत.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. एवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुमच्यासाठी तो मुंबई उपनगरचा, वांद्रे पूर्वेला. दोन वर्षांच्या आत जायचं असतं. मोजतात ती सेवेसाठी भरलेली रक्कम, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. 'टेलिफोनच्या तक्रारी इथे चालत नाहीत' असं कोणी म्हणालं तर १६ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. दरमहा सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या एका मोबाइल ग्राहकाला एकदम २४,६०९ रुपयांचं बिल आलं होतं. तो ग्राहक मंचात (जिल्हा आयोगाचं तेव्हाचं नाव) गेला, कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, आणि ग्राहक मंचाला हा अधिकार आहे असं न्यायालयाने सांगितलं. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यात सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्दच आहे. कागद एकट्याने जुळवणं जड वाटलं तर विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहक संघटनेकडे जा.

शिकवण्यांचं नुकसान मागताना जपून. कनेक्शन घरगुती आहे आणि घरातले सगळे वापरतात, हे आधी लिहा, नाहीतर ते धंद्यासाठी घेतलं होतं असं कंपनी म्हणेल. मग रद्द झालेल्या तासांच्या तारखा आणि परत केलेली फी. पुरावा असेल तेवढाच आकडा लिहा.

कमिटीबद्दल मला खरोखर राग आला. वायरी आत नेण्याचा डक्ट एकाच कंपनीला मोकळा ठेवायचा आणि २४ घरांनी तिच्या मर्जीवर राहायचं, हे योग्य नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत 'दुसऱ्या इंटरनेट कंपनीला परवानगी' हा विषय घ्या असं लेखी पत्र सेक्रेटरींना द्या, पोच घ्या, आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन जा. त्या ११ दिवसांत त्यांचंही नेट बंदच असणार.

अपील आधी पाठवा. ३९ दिवसांनी काय उत्तर आलं ते मला कळवा, आणि तोवर मुलांच्या पालकांचे 'आज क्लास नाही का?' असे मेसेज पुसू नका.