स्किझोफ्रेनिया सिनॅप्सच्या जनुकांमुळे होतो का?

तुमच्या थोरल्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि या आजाराचा सिनॅप्सच्या जनुकांशी संबंध असल्याचे वाचून स्वतःची जनुकीय तपासणी करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी जनुकशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. त्या मर्यादेत उत्तर देतो.

चेतापेशी जिथे एकमेकींशी संपर्क साधतात ते सिनॅप्स बालपणी गरजेपेक्षा जास्त असतात आणि पौगंडावस्थेत त्यांची छाटणी होते. ही छाटणी प्रमाणाबाहेर गेल्यास स्किझोफ्रेनिया होत असावा, असा तर्क मनोविकारतज्ज्ञ अर्विन फाइनबर्ग यांनी 1982 मध्ये मांडला होता. आजार बहुधा ऐन तारुण्यात का उद्भवतो, याचाही त्यातून काहीसा उलगडा होत होता. या तर्काला जनुकीय आधार मिळाला तो 2016 मध्ये, जनुकशास्त्रज्ञ स्टीव्हन मॅकॅरोल आणि मेंदूशास्त्रज्ञ बेथ स्टीव्हन्स यांच्या गटांच्या संशोधनातून. सहाव्या गुणसूत्रावरील सी-4 हे जनुक खरे तर रोगप्रतिकारशक्तीचे. त्याचे प्रथिन जंतूंवर खूण करते. मेंदूत मात्र अशीच खूण सिनॅप्सवर होते आणि मायक्रोग्लिया या मेंदूतील सफाई करणाऱ्या पेशी ते सिनॅप्स गिळून टाकतात. सी-4-ए हा प्रकार ज्यांच्या मेंदूत अधिक तयार होतो त्यांना धोका अधिक, असे दिसले. पण किती अधिक? सुमारे 1 टक्क्याचा धोका 1.27 टक्क्यांच्या आसपास जातो, इतकाच. बातम्यांमध्ये नेमका हाच आकडा गळतो.

2022 मधील एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील 287 ठिकाणांचा या आजाराशी संबंध आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात 10 जनुकांमधील दुर्मीळ बिघाड धोका बराच वाढवतात असे दिसले. त्यांपैकी ग्रिन-2-ए हे सिनॅप्समधील एनएमडीए ग्राहीचा, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या एका प्रथिनाचा, एक भाग घडवते. केटामाइन हे भुलीचे औषध हाच ग्राही रोखते आणि निरोगी माणसातही काही काळ मनोविकृतीसारखी लक्षणे आणू शकते, म्हणून मला हा दुवा विशेष महत्त्वाचा वाटतो. अर्थात असे बिघाड फारच थोड्या रुग्णांत सापडतात.

सख्ख्या भावंडाला हा आजार असल्यास धोका साधारण दहात एक धरला जातो. म्हणजे तुम्हाला तो न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि सी-4 मोजून या अंदाजात उपयोगी भर पडणार नाही. भावाला जन्मजात हृदयदोष, टाळूतील फट किंवा शिकण्यातील अडचण असेल, तर मात्र बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाला आहे का (त्यानेही या आजाराचा धोका वाढतो), हे पाहण्याबद्दल त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना जरूर विचारा; ती तपासणी आधी त्याची करायची असते, तुमची नव्हे.