रुग्ण पुरुष होता, तरी सोनोग्राफी मशीन सील?

प्रश्न: सिंदेवाही भागात माझा छोटा दवाखाना आहे, सोनोग्राफी केंद्राची नोंदणीही आहे. नागपूरच्या डॉक्टर मित्राने वापरलेले पोर्टेबल मशीन दिले, ते कॅज्युअल्टीत ठेवले. धानाची पोती उचलणाऱ्या एका मजुराची जांघेतली गाठ रात्री आत जाईना. खाटेवरच मशीन लावले, हर्नियात आतडे अडकलेले दिसले, लगेच चंद्रपूरला पाठवले. माणूस वाचला. नंतर पथकाने मशीन सील केले, आता कारणे दाखवा नोटीस आली आहे. पुरुषाच्या हर्नियाला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, कसा लागतो?

उत्तर: डॉक्टरसाहेब, लागतो. १९९४ चा हा कायदा रुग्ण पाहत नाही, मशीन पाहतो. ज्यात गर्भ दिसू शकतो ते यंत्र नोंदणीत हवेच, मग तुम्ही त्यातून जांघ बघा की पित्ताशय.

केंद्राची नोंदणी आहे, हे तुमच्या बाजूचे. अडचण या कायद्याखालच्या नियम १३ ची आहे. नवे मशीन आणायचे तर ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्यांना (या कायद्याखाली नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्यांना) कळवावे लागते. मित्रानेही कळवले नसेल तर कागदोपत्री ते मशीन अजून नागपुरातच आहे. त्याला आजच फोन करा.

दुसरे, मशीन कोणी चालवले? पदव्युत्तर पदवी किंवा ठरवून दिलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण तुमच्याकडे आहे का, हे पत्रात नाही. मला खरी भीती तिथली वाटते.

उत्तर मुदतीत आणि वकिलाकडूनच द्या. कलम २३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. ‘जीव वाचवला’ एवढ्याने भागणार नाही, कारण अडकलेला हर्निया बहुतेकदा हातानेच कळतो, मग मशीन कशाला लावले, हेच समोरचा विचारेल. तरी केसपेपर, उलट्या-दुखण्याची नोंद, रेफरल चिठ्ठी जोडा. हेतू त्यातूनच दिसतो. पंचनाम्याची नि जप्तीच्या यादीची प्रत मागा. नोंदणी निलंबित झालीच तर अपिलाला ३० दिवस असतात.

मशीन परत मिळाले तर नोंदणीत घालून दवाखान्यातच वापरा. रुग्णाच्या घरी नेऊ नका. आणि जांघेत गाठ घेऊन आलेली बाई गरोदर असेल, तर एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा अर्ज) भरल्याशिवाय प्रोब लावू नका.